बुरशी आली तर सेंदाईला

१८ जून
काटकसर सुरू! पुण्याच्या संपादकांनी माझं साप्ताहिक वार्तापत्र मासिक केलं — "जपानात दर आठवड्याला असं काय घडतं हो?" घडत नाही खरंच. तेव्हा आजपासून भात आणि वर एक उमेबोशी. दुकानातली सर्वांत स्वस्त पाहून आणली. मधात घोळवलेली निघाली! खारवलेलं आलुबुखार म्हणून विकतात आणि लागतो मुरांबा. इतकी वर्षं तोकिए काकूंची फुकट खात आलो, बाजाराचा अनुभव नव्हता.

काकू खालच्या मजल्यावर राहतात. घर त्यांचं, वरची खोली माझी. वय ऐंशी. पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "मास्तर, हे बाळांचं खाणं." (संस्कृत शिकलोय हे कळल्यापासून मी मास्तर.) आणि आपली तीन वर्षं मुरलेली वाटीभर दिली.

१९ जून
अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. षड्रसांपैकी दोनच, पण बाकीच्या चौघांना तोंड उघडू देत नाहीत. एका अर्ध्या फळावर दोन वाट्या भात गेला. बी फोडायला घेतली तर काकूंनी हात धरला — "आत विद्येची देवता झोपलीय!" झोपली असेल. आमची कमळात बसते, ऐसपैस.

२२ जून
काकूंचं मनगट दुखावलंय, म्हणून यंदाची उमेची फळं खारवायला मी हमाल. देठं खुडली, एकेक फळ पुसलं. एक थर फळं, एक थर मीठ. मिठाला मात्र मला हात लावू दिला नाही. "ते माझं काम." वर दाबायला दगड मी ठेवला. मोबदला — वर्षभराची उमेबोशी. माझं अर्थशास्त्र सुटलं!

मग माझ्यासमोरच मुलीला फोन लावला. मासुमी तिकडे उत्तरेत, सेंदाईला असते. दोन वर्षं "आई, इकडे ये" चाललंय. काकू म्हणाल्या, "यंदाची उमे नीट मुरली तर मी इथेच. बुरशी आली तर घर विकते आणि तुझ्याकडे येते."

बरणीला बुरशी म्हणजे घरावर संकट — इथे हे डॉक्टरसुद्धा मानतात.

मासुमी ओरडली ते मलाही ऐकू आलं. "आई! बरणीला विचारून ठरवणार तू?"

"साठ वर्षं तिलाच विचारतेय. तुझ्या बापाला विचारून काय कळायचं?"

घर विकलं की माझी खोली गेली. एवढ्या भाड्यात दुसरं कोणी मला कोंबडीच्या खुराड्यातही ठेवणार नाही.

२३ जून
दगड उचलून पाहिला. पाणी सुटतंय.

२४ जून
पुन्हा पाहिला. काकू म्हणाल्या, "मास्तर, अंडी नाहीत ती, उबवू नका."

३ जुलै
काकू मनगट दाखवायला गेल्या. मी झाकण उघडलं.

बुरशी!

पांढरी, मऊ, नऊ फळांवर. ऐंशीव्या वर्षी बिचारीला घर सोडावं लागणार! (मलाही. पण आधी त्यांना.) संक्रांतीसाठी जपून ठेवलेली शोचूची बाटली काढली. एवढी कडक दारू, आणि एक घोटही न घेता प्रत्येक फळ तिनं पुसलं. बरणी पुसली. दगडही पुसला. मग माझ्या डब्यातलं मीठ, मुठीवर मुठी, डबा रिकामा होईपर्यंत. ती नऊ फळं कागदात गुंडाळून माझ्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात टाकली. बातमीदार पुरावा फेकत नाही.

४ जुलै
काकूंनी झाकण उघडलं. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नवलच आहे," म्हणाल्या.

मी आकाशाकडे पाहून हवामानाचा विचार केला.

२७ जुलै
वाळवणाचा तिसरा, शेवटचा दिवस. बांबूच्या सुपांत फळं लालचुटुक सुरकुतलीत. शेजारीण कुंपणावरून ओणवली — "काकू, यंदासारखी कधी झाली नव्हती हो!" काकू म्हणाल्या, "मास्तरांचा पायगुण." कौतुक की टोमणा, कळलं नाही. उन्हात तापलेली एक गरम भातावर घेतली. डोळ्यांत पाणी! खारट आहे जरा. माझीच मूठ.

२८ जुलै
फळं बरणीत परत गेली. काकूंनी मुलीला फोन केला. "राहतेय मी इथेच." एवढंच. मग फोन ठेवून तिथेच बसून राहिल्या. आनंद झाला असेल. मी वर येऊन एका जेवणाला दोन अख्ख्या उमेबोशी खाल्ल्या! चैन.

३० जुलै
मीठ संपलेलं, म्हणून कोपऱ्यावर ओकानिशींच्या दुकानात गेलो. म्हातारा म्हणाला, "काकूंची बरणी बिघडली असेल ना?"

"छे हो! उत्कृष्ट."

"काय सांगता! मीठ निम्मंच नेलं होतं यंदा. मी म्हटलं, काकू, एवढ्यात बुरशी येईल. तर म्हणाल्या, येऊ दे की. पोरीला सतरांदा सांगितलं इथून हलणार नाही म्हणून. आता कोणत्या तोंडानं म्हणू, एकटीला करमत नाही? बरणीच सांगेल."

मीठ न घेताच परतलो. काकूंच्या दारावरून जाताना आत खुंटीवर नवा लोकरीचा कोट दिसला. दुकानाची चिठ्ठी अजून बाहीला लटकतेय. आमच्या या गावात असा जाड कोट कोणी घालत नाही. सेंदाईला लागतो.

३१ जुलै
सकाळी बर्फाचा कप्पा उघडला. सर्वांत केसाळ दोन निवडली, बरणीत अगदी वर ठेवली, आणि हाक मारली — "काकू, जरा येता का? बुरशी आलीय."