सातव्या मजल्याच्या पुढे

प्रिय दादा,

तुझा फोन येऊन गेला त्याला आज सहा आठवडे झाले. अकरा मिनिटं बोललो आपण. मी मोजली नव्हती, फोनवरच दिसतं ते. त्या दिवसापासून पत्र लिहायचं म्हणतेय आणि रोज उद्यावर ढकलतेय. आज दुकानाला सुट्टी आहे, बाहेर लख्ख ऊन आहे आणि मी बाबांच्या खोलीत त्यांच्याच टेबलाशी बसलेय. अक्षर बघ, किती सरळ आलंय. हात कापत नाही, डोळे भरत नाहीत. बाबा गेल्यावर पाचव्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, आणखी थोडे दिवस थांबायचंस घरी." घरी थांबून करायचं काय? मी चष्म्याची भिंगं घासते हे तुला ठाऊक आहे. फ्रेमच्या मापात बसेपर्यंत भिंग घासायचं, धुवायचं, उजेडात धरून बघायचं. या सहा आठवड्यांत माझ्या हातून एकही भिंग फुकट गेलेलं नाही. कुणी विचारलं तर मी सांगते, बरी आहे. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात ना, मग आपलाच ओठ दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं काहीसं आहे. दुखत नाही एवढं खरं.

बाबांनी शेवटची पाच वर्षं काय केलं ते तुला सांगायचंय. तू विचारलं नाहीस, मीही फोनवर सांगितलं नाही. ते तुझे खेळ खेळत होते. हसू नकोस. पंचाहत्तरी उलटलेला, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला आणि मोबाइलवर साधा निरोप टाइप करतानाही तीनदा चष्मा पुसणारा माणूस रोज दुपारी कॉम्प्युटरपुढे बसून तुझ्या त्या कॅसेटवाल्या कॉम्प्युटरचे खेळ चालवत होता. आई गेल्यावर वर्षभर ते नुसते खिडकीत बसायचे. मग एकदा कपाटावरचा बुटांचा खोका खाली काढला. त्यात तुझ्या चौदा कॅसेटी निघाल्या. तेरा तू मागे ठेवून गेला होतास, आणि चौदावी तू कचऱ्याच्या डब्यात फेकली होतीस ती. बाबांनी ती त्याच संध्याकाळी डब्यातून काढून ठेवली होती. हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

कॉम्प्युटर तर केव्हाच भंगारात गेला होता. बाबा कॅसेटी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार चांगला माणूस आहे, तुझ्याच वयाचा असेल. तो म्हणाला, "आजोबा, ते यंत्र आता कुठे शोधत बसता? त्याचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्रॅम मिळतो, इम्युलेटर म्हणतात त्याला. नवा कॉम्प्युटर आपण जुनाच आहोत असं समजून वागायला लागतो." बाबांना हे फार आवडलं. घरी येऊन मला म्हणाले, "बघ, म्हणजे म्हाताऱ्यानं तरुणाचं सोंग आणायच्या उलटं." कॅसेटवरचा किरकिराट आधी नव्या कॉम्प्युटरमध्ये आवाज म्हणून भरायचा आणि मग तो आवाज इम्युलेटरला ऐकवायचा. हे शिकायला त्यांना तीन महिने लागले. वायरी चुकायच्या, आवाज कमी पडायचा, जास्त व्हायचा. लिफ्टच्या फॉल्टची नोंद ठेवायचे तशी एक वही केली. पहिला खेळ सुरू झाला तेव्हा त्यातली मोटार अशी सुसाट सुटली की दिसेचना. नव्या यंत्राचा वेग तिला झेपत नव्हता. मग दुकानदारानं वेग जुन्याइतका करून दिला. तेव्हापासून बाबा त्या वेगाच्या बटणाला हात लावू द्यायचे नाहीत. खेळ झटक्यात उघडायची सोय होती, तरी ते साडेचार मिनिटं कॅसेटवरून खेळ भरला जाईपर्यंत स्क्रीनच्या कडेचे रंगीत पट्टे बघत बसायचे. मी म्हटलं, कशाला थांबता? तर म्हणाले, "तो थांबायचा ना."

चौदाव्या कॅसेटला त्यांनी सगळ्यात शेवटी हात घातला. तो दिवस तुलाही आठवत असेल आणि मलाही. तू एकोणीस वर्षांचा, मी अकरा. वर्षभर खपून तू स्वतःचा खेळ लिहिला होतास आणि तो दाखवायला तुला खेळ विकणाऱ्या एका कंपनीनं बोलावलं होतं. निघायच्या आधी एकदा चालवून बघावा म्हणून तू कॅसेट लावलीस. पट्टे आले आणि मध्येच थांबले. पुन्हा लावलीस, पुन्हा तिथेच. सहा वेळा. दुसरी प्रत नव्हती. महिन्याभरापूर्वीच बाबा ओरडले होते, "यंदा परीक्षेत गटांगळी खाल्लीस तर सगळ्या कॅसेटी कोऱ्या करून टाकीन." तू खोलीतून बाहेर आलास तो थेट बाबांपुढे उभा राहिलास आणि म्हणालास, "केलंत ना शेवटी?" बाबा म्हणाले, "मी हात लावलेला नाही." एकदाच म्हणाले. बाबांना एक गोष्ट दोनदा सांगायची सवय नव्हती, आणि तुला एकदा ऐकून पटायची. आई मध्ये पडली, तिचंही तू ऐकलं नाहीस. महिन्याभरात तू सामान बांधलंस. नंतर तू मोठा झालास, दुसऱ्या कामात नाव काढलंस, आईशी बोलायचास, माझ्याशी बोलायचास. बाबांनी फोन घेतला की ठेवून द्यायचास.

तुझा खेळ काय होता हे बाबांना कधीच माहीत नव्हतं, दादा. आम्हाला कुणालाच नव्हतं. तू दाखवायचा नाहीस आणि ते विचारायचे नाहीत. कॅसेट लावली तर ती थांबायची तिथेच थांबली. पण दुकानदारानं खटपट करून निदान चांगला राहिलेला पहिला भाग तेवढा सुरू करून दिला. मी कामावरून जेवायला घरी आले होते. बाबांनी हाक मारली. त्या हाकेवरून मला वाटलं पडलेबिडले की काय. धावत गेले तर ते उभे होते आणि स्क्रीनवर एक उंच इमारत होती, तिच्यात वरखाली करणारी लिफ्ट होती आणि टोपी घातलेला, बोटभर उंचीचा एक मेकॅनिक होता. त्याची अवजारांची पिशवी डाव्या खांद्यावर. बाबांनी आयुष्यभर पिशवी डाव्याच खांद्याला लावली, उजवा खांदा धरलेला असायचा म्हणून. चष्मा पुसून ते स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, "दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडतंय याचं. असं होत नसतं, कुलूप असतं तिथे. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं." आणि खाली बसले.

पुढचं वर्षभर ते तोच खेळ खेळले. प्रत्येक मजल्यावर वेगळा बिघाड, तो काढायचा आणि अडकलेल्या माणसांना सोडवायचं. कुठला बिघाड कसा निघतो ते तू बरोबर लिहिलं होतंस म्हणे. सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर जायचास, वरच्या मशिनरूममध्ये बसायचास, तेव्हाचं सगळं त्यात होतं. बाबा सातव्या मजल्यापर्यंत हसत हसत जायचे. सातव्याच्या पुढे लिफ्ट हलायची नाही, कारण आठपासून बारापर्यंतचे मजले कॅसेटच्या खराब झालेल्या भागात होते.

मग एकदा दुपारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी हळू आवाजात. तो खराब भाग त्यांनी इम्युलेटरला न देता नुसताच ऐकायला लावला होता. आधी किरकिराट होता. मग खट्ट, आणि एक लहान मुलगी बातम्या सांगायला लागली. "नमस्कार. ठळक बातम्या. आज घरातल्या थोरल्या चिरंजीवांनी तीन वेळा आरशात पाहिलं. गच्चीवरची टाकी पुन्हा भरून वाहिली, जबाबदारी कुणीही घेतलेली नाही." अशा दीड मिनिटं बातम्या. मध्ये लांबून आईचा आवाज येतो, "पुरे झाल्या गं बातम्या, पसारा आवर." मग पुन्हा खट्ट आणि किरकिराट. बाबांनी थांबवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हा आवाज ओळखतेस?" मी म्हटलं, "नाही." का म्हटलं? तेव्हा पंचेचाळीस वर्षांची बाई मी. ते म्हणाले, "बरं." मग जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं, "कुणाची तरी लहान पोर आहे. तिला काय कळणार." आणि त्यांनी मला भाजी आणायला पाठवलं. मी भाजी आणली. काय आणली तेही आठवतंय. बाकी काही वाटल्याचं आठवत नाही.

त्या दिवसानंतर तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. ते त्या दुकानदाराकडून प्रोग्रॅम लिहायला शिकायला लागले. तुझे हरवलेले मजले स्वतः भरून काढायचे म्हणाले. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं आठवा मजला काढला. आठ महिने लागले त्यांना, एका मजल्याला. मार्चमध्ये छातीत दुखायला लागलं, सकाळी दवाखान्यात नेलं आणि चार वाजेपर्यंत संपलं सगळं. गेल्या रविवारी मी त्यांचा कॉम्प्युटर उघडला आणि सातव्याच्या पुढे गेले. आठवा मजला चालतो, दादा. बिघाड निघतो, लिफ्ट बरोबर पातळीला येऊन थांबते आणि मगच दार उघडतं. आत कुणी नाही. माणूस काढायचा राहून गेलाय.

तू फोनवर शेवटी काय म्हणालास ते तुझ्या लक्षात नसेल. तू म्हणालास, "मरेपर्यंत कबूल केलं नाही ना त्यांनी?" मी म्हटलं, "नाही केलं." तू "हं" म्हणालास आणि फोन ठेवलास. त्याचं खरं उत्तर सांगायला हे पत्र लिहितेय. कबूल करण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. त्या बातम्या माझ्या आहेत. तुझ्या टेबलावर कॅसेट दिसली, लावून बघितली तर नुसतीच किर्र वाजत होती, मला वाटलं बिघडलेली आहे, कुणाला नको असेल, म्हणून तिच्यावरच माझ्या बातम्या भरल्या. टेपरेकॉर्डरला तुझी वायर लावली की स्पीकर बंद व्हायचा, म्हणून त्या दिवशी तुला माझा आवाज ऐकू आला नाही. तू बाबांवर ओरडत होतास तेव्हा मी दाराआड उभी होते आणि मला सगळं कळलं होतं. उद्या सांगू म्हटलं. मग तू गेलास, मग वाटलं परत आलास की सांगू. बाबांना कळल्यावरही तुला फोन करून ते सुटू शकले असते, त्यांनी केला नाही, आणि का नाही केला हे मला विचारता आलं नाही. तुला मला काय म्हणायचं असेल ते म्हण, किंवा म्हणू नकोस. छत्तीस वर्षं तू चुकीच्या माणसाशी अबोला धरलास, दादा, आणि माणूस चुकीचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुझीच,
धाकटी