वार पडायच्या आधी पाजलेला चीक

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, आज पहिल्यांदाच लिहितेय. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा. आज दुपारी आपली म्हैस व्याली, पारडी झाली, आणि पोटातली वार बाहेर पडल्याशिवाय पिल्लाला चिकाचं पहिलं दूध पाजायचं नाही, हा गोठ्यातला तुमचा नेम आम्ही मोडला!

वैष्णवीच्या जुन्या सरावपेपरांची मागची बाजू कोरी असते, त्यावरच लिहितेय. तुमची नात परभणीला बी.एस्सी. करते, पशुविज्ञान घेऊन. सोबत ढोरांच्या डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी. पहिल्या वेळी थोडक्यात हुकली. तेव्हापासून तुमच्या लेकाचं एकच, "एकदा बसली ना, बास झालं. आता सोयरीक बघू." पोरीला शिकू दे, असं मी देवापुढे रोज बोलायचे, ह्यांच्यापुढे मात्र तोंड उघडत नव्हतं.

आज ती सुट्टीला घरी, बोरीत होती. पारडी झाली तशी म्हणाली, "आई, हिला आत्ताच चीक पाजायचा."

"वार पडल्याबिगर? आजीला चाललं असतं का?"

"वार पडायला सांज होईल. तवर ही उपाशी? रोगाशी लढायची ताकद पहिल्या चिकातच असती, आई."

हे तडकले, "अन् नरसिंहाचा चीक? आधी देवाचा काढतो आपण! वार अडकली ना, तर तुझी परीक्षा बंद. सांगून ठेवतो."

आत्याबाई, खरं सांगू? मला आपल्या आधीच्या दोन पारड्या आठवल्या. दिवसभर आईकडे बघत रेकत राहिल्या आणि आठवड्याच्या आत गेल्या. तुम्ही म्हणालात, नशीब. मीही तेच म्हटलं. तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं? पण वैष्णवी झाली तेव्हा "आधी लेकराला पाज" म्हणून माझ्यावर ओरडलात ते तुम्हीच ना? मग पारडीला वेगळा न्याय का हो?

मी म्हटलं, "पाज गं."

काय सांगू, पारडी लटपटत उभी राहिली आणि अशी ढुसण्या देत प्यायली! आम्ही दोघी खुंट्यापाशी बसून राहिलो. मी नामस्मरण करत होते, वैष्णवी घड्याळ बघत होती. दिवेलागणीच्या आधीच वार पडली. आपोआप! सगळी!

हे गोठ्याच्या दारात उभे. तिथूनच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सकाळची परभणीची गाडी कितीला हाय? अभ्यास बुडवू नका." पोरगी शेणाच्या हातांनीच बापाच्या गळ्यात पडली!

मग नरसिंहाला वाटीभर चीक दाखवला. लेकराच्या मागून मिळाला म्हणून तो रागावेल, असं मला नाही वाटत. तुम्हीही रागावू नका.

आता माझा शब्द घ्या. परीक्षा होईपर्यंत तिला घरचं एक काम सांगणार नाही. आणि तुमची नात डॉक्टरीण झाल्याशिवाय सोयरिकीची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावीन. तुमच्या लेकाने डोळे वटारले तरी.

तुमच्या हाताखाली शिकलेली, आज तुमच्याशीच भांडलेली सून,
सुमन