सातव्या प्रकरणाची दुरुस्ती

कोपरखैरणे,
१४ नोव्हेंबर १९९७

प्रिय शौनक,

रागात लिहितेय, हे आधीच सांगते. ऑफिसची ई-मेल सगळेच वाचतात, म्हणून कागद घेतला. तू परदेशी जाण्याच्या घाईत उरकलेलं ते प्रोग्रॅमिंगचं गाइड आता नव्याने छापायचंय आणि ते माझ्याच टेबलावर येऊन पडलंय. जयप्रकाश सर म्हणाले, "जरा आवरून घे गं, शुद्धलेखन, पान नंबर वगैरे." दिवाळी त्यातच गेली. तुझं सातवं प्रकरण काही आवरत नाही.

तेच रे, रेग्युलर एक्स्प्रेशनचं. मजकुरात हवं ते शोधायला खुणांचा नमुना कसा लिहायचा, हे साध्या माणसाला कळावं, एवढंच त्या प्रकरणाचं काम होतं. तू दर दुसऱ्या ओळीला 'हे उघडच आहे' म्हणून पुढे गेलायस. कुणाला उघड आहे? आणि 'स्टार म्हणजे काहीही' असं खुशाल ठोकून दिलंस. फाइलच्या नावात चालतं तसं. इथे स्टार म्हणजे त्याच्या आधीचं अक्षर कितीही वेळा, अजिबात नसलं तरी चालेल.

पावणे गावातल्या एका केमिकल कारखान्यात बाजीराव म्हणून स्टोअर सांभाळणारे गृहस्थ आहेत. त्यांना X ने सुरू होणाऱ्या जुन्या मालाच्या ओळी काढून टाकायच्या होत्या. गाइड बघून त्यांनी 'X*' दिलं. त्यात X नसलेल्या ओळीही बसतात, म्हणजे सगळ्याच. अख्खी फाइल साफ! ऑफिसात आले ते गाइडच्या त्या पानावर बोट ठेवूनच. "मॅडम, हितं लिवलंय तेच केलं मी. सायब म्हनतो, मुद्दाम पुसलं." मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले आणि त्यांच्या साहेबाला सांगितलं, चूक पुस्तकाची आहे, यांची नाही. बाजीरावांची नोकरी वाचली. आमचे सर मात्र माझ्यावर भडकले, "कंपनीची चूक कबूल करायला तुला कोणी पाठवलं होतं?" अजून धड बोलत नाहीत.

आता मी प्रत्येक उदाहरण मशीनवर चालवून बघते, मगच ठेवते. तर डीटीपीवाला हितेश. टिंबाआधीचा बॅकस्लॅश, ती तिरकी रेघ, त्याला छपाईतला डाग वाटतो; ती गेली की टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. मी घालते, तो काढतो, वर "एकदम साफ करून दिलं ना" म्हणून हसतो. काल वाशीला त्याच्या दुकानात अक्षरशः रडायला आलं मला. तो बिचारा घाबरून चहा मागवायला धावला. त्याला वाटलं, बॅकस्लॅशसाठी रडतेय.

तुझ्या आईकडे जाते मी, सांगितल्याप्रमाणे. काकूंचा गुडघा बरा आहे, जिना उतरतात. आतली खोली त्यांनी रंगवून घेतली, फिकट पिवळी, तुला आवडते तशी. परवा निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि बांगडीचं माप घेतलं. म्हणाल्या, "शौनक आला की धावपळ नको, आत्ताच करून ठेवते." मी हात काढून घेतला नाही. काय म्हणून काढणार होते?

गेल्या रविवारी फोनवर तू सांगितलंस की अर्पिताशी तुझं ठरलंय आणि तू आता तिथलाच. मी ऐकून घेतलं. आपलं ठरलेलं लग्न मोडलं, त्यावर भांडायला हे पत्र नाही. भांडण त्याच्या पुढच्या वाक्याचं आहे: "आईला तूच सांग ना, तुला नीट समजावून सांगता येतं." ते ऐकून मी फोन ठेवला, तो आपोआप कट झाला नव्हता. शौनक, मी काकूंना सांगणार नाही. सात डिसेंबरच्या रविवारी त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलंय. तुझा फोन नेहमी येतो, त्या वेळी मी, आई आणि बाबा खाली सोसायटीच्या बागेत असू. तू फोन कर. उचलायला काकू असतील.

'तुझीच' लिहायची सवय होती. आज नुसतीच,
गीतांजली