बारीक बघण्याचे शब्द

प्रिय सेजल बाय,

तुझा निरोप शीतलने मला फोनवर दोनदा ऐकवला. बारकाईने बघणं, तपासणं, अभ्यास करणं याला एकच इंग्रजी शब्द आहे आणि तुझ्या सरांना त्याच्या जोडीचे आपल्या बोलण्यातले शब्द हवेत, ते आजीला विचार म्हणालीस. एवढं मोठं पुण्याचं विद्यापीठ, आणि शब्द उसने मागायला कोरगावात निरोप पाठवला! तर मी बोलते आणि शीतल लिहिते. शेजारणीची सून म्हणून हक्काने बसवलंय तिला. माझं बोलणं सुधारायचं नाही, एवढीच ताकीद दिलीय. आत्ता हसतेय ती. हसलीस हेही लिही म्हटलं.

फोनवर का सांगत नाही म्हणशील. फोनवर तू दोन मिनिटांत ‘आजी, ठेवते गं’ म्हणतेस. चवथीला गणपतीत येऊन गेलीस ती आली नाहीस. शिगमा होऊन गेला, डोंगरावर काजू पिकून पडायला लागले, घरभर बोंडांचा वास सुटलाय. ये म्हटलं की तुला कुठला तरी कागद सादर करायचा असतो. म्हणून पत्र.

आता शब्द घे. तांदूळ असले तर पाखडायचे, मग निवडायचे. अंधारात कोंबडी खुराड्यात आहे का ते चाचपायचं. नारळ हलवून कानाशी धरायचा, त्याला शब्द मला माहीत नाही, पण करतात सगळेच. मासळी घेताना मी कल्ला वर करून बघते, त्याला काय म्हणतात ते आपली मासळीवाली सांगेल, पण तिचे शब्द शीतल लिहायची नाही. पारखणं असतं, न्याहाळणं असतं. आणि निरखणं म्हणजे तुझे आजो. मोहोर आला की झाडाखाली तासन् तास उभे. मी जेवायला हाका मारून दमायची. फांदीकडे बघून सांगायचे, हे यंदा धरणार, हे फसवणार. तसंच व्हायचं, म्हणून भांडताही यायचं नाही.

निरखायची ती सवय अजून होती त्यांची, बाकी सगळं गेलं तरी. सकाळी हाताच्या खुर्चीत, कदेलावर बसवलं की समोरचं स्टूल, चमचा, पावाचा तुकडा, सगळं उलटून पालटून बघायचे. माझं तोंडसुद्धा. मला बघायला आले तेव्हा मान वर केली नव्हती या माणसाने, ती कसर म्हातारपणी भरून काढली. एकदा विचारतात, तुम्ही कुणाकडच्या? म्हटलं, इथेच असते, जेवून-खाऊन. तर म्हणाले, बसा, आमच्या मंडळींना चहा ठेवायला सांगतो. मग मीच आत गेले, चहा ठेवला आणि मंडळी होऊन बाहेर आणला. चांगला झालाय म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चवथीचं बोलते आता. तू बोलणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण तुझ्या आईला बघायला गेलो होतो ती गोष्ट तुला पुरती कुणी सांगितली नसेल. त्या काळी मुलीला चालायला लावत, सुईत दोरा ओवायला लावत. तुझ्या आजोंची तऱ्हा वेगळी. कुणासाठीही मुलगी बघायला गेले की खिशातून मूठभर काजूच्या बिया काढायचे, ताटलीत ठेवायचे आणि म्हणायचे, चांगल्या निवड. मुली बिचाऱ्या मोठ्या, चकचकीत तेवढ्या वेचायच्या. चोपडे गावी तुझ्या आईसमोर, हर्षासमोर ताटली ठेवली, तर ही उठून आत गेली, पाणी भरलेलं पातेलं आणलं आणि सगळ्या बिया त्यात ओतल्या. तरंगल्या त्या पोकळ, बुडल्या त्या भरलेल्या. तिच्या आईने कपाळाला हात लावला. आजो ताडकन उठले, झालं म्हणाले. हिच्या बापाचं तोंड उतरलं. अंगणात जाऊन चपला घालता घालता सांगतात, मुहूर्त काढा.

तू सातवीत होतीस ती गेली तेव्हा. पण तिचा हात तुझ्या हातात कधी उतरला, तुलाही कळलं नसेल. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधणं चाललं होतं, रानातली फळं पसरली होती, घर माणसांनी भरलेलं, आणि आजो तुझ्याकडे टक लावून बसले. मग डब्यातल्या बिया मागून घेतल्या आणि तुझ्यापुढे ठेवल्या. तुला वाटलं, स्वयंपाकाला हव्यात. तू पातेल्यात पाणी घेतलंस आणि ओतल्यास. त्यांनी मान हलवली आणि तुझ्या बाबाला हाक मारली, “सुदेश, चली बरी आसा रे. हय म्हण.” मुलगी चांगली आहे, हो म्हण म्हणे. पिकल्या मिशांचा तुझा बाबा हातात नारळ घेऊन तसाच उभा. सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. तू मागच्या दारी गेलीस, आणि सकाळच्या पहिल्या बसने पुणं गाठायला निघालीस.

आजोंनी तुला ओळखलं नाही म्हणून रडलीस, की आई आठवली म्हणून, मी विचारलं नाही. आताही विचारत नाही. तू गेल्यावर बरेच दिवस ते मला सांगत होते, त्या चोपड्याच्या मुलीला आपण हो कळवलं ना? राहून जायला नको. कळवलं, कळवलं, म्हणत होते मी.

शिगम्यापासून ते काहीच विचारत नाहीत. मघाशी ‘बघायचे’ म्हटलं ते म्हणून. डोळे उघडे असतात, पण चमचा समोर धरला तरी चमच्याकडे जात नाहीत. पेज दोन घोट जाते, कधी तीही नाही. पेडण्याचे डॉक्टर घरी येऊन गेले. आता तपासण्या नकोत, हलवूही नका म्हणाले. सुदेश तुला फोनवर बरे आहेत सांगतो, कारण तुझं विद्यापीठाचं लिहिणं शेवटाला आलंय. त्याच्या समोर मी गप्प बसते. आज तो ऑफिसात गेल्यावर शीतलला बोलावून घेतलं. ते तुला ओळखतील असं सांगून मी बोलावत नाही, ओळखणार नाहीत. तू ये आणि त्यांच्याजवळ बस. तू एवढं बारीक बघायला शिकलीस, तर त्यांच्याकडे बघून घे, ते आहेत तोवर. मी सारा दिवस बघते गं. पण बाय, एकटीने आता बघवत नाही.

तुझीच, खाली अंगठा उमटवणारी
आजी