खमीर वाट पाहत नाही

मी, मधाचे मद्य बनवणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या शुद्धीबद्दल शंका आल्यास धाकट्या भावाला विचारू नये. तो लहानपणापासून मला अर्धवट समजतो.

१. तळमजल्याची मद्यशाळा, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे त्याच भावाच्या मुलीला द्यावी. ती प्रयोगशाळेत अन्न तपासते. मी मधासोबत आंबवते त्या काळ्या तांदळाचा रंग कोंड्यात असतो आणि अँटिऑक्सिडंट त्या रंगातच असतात, हे तिने मला समजावले. "पण आत्या, बाटलीवर औषध म्हणून लिहायचं नाही. दारू ती दारूच," हेही तिनेच बजावले. माझ्यानंतरही लिहू नये.

२. काचेचे बुधले आणि गाळायची फडकी बाटल्या धुणाऱ्या बाईंना द्यावीत. फडकी उकळून घ्यावीत, हे त्यांना सांगावे लागत नाही. बाकी सगळ्यांना लागते.

३. भावाची गिरणी आहे. एकदा त्याने माझा सगळा काळा तांदूळ न विचारता पॉलिश करून पांढराशुभ्र पाठवला. वर म्हणाला, काळपट दारू कोण पिणार? तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. त्याला काहीही देऊ नये.

४. राहिले खमीर. प्रत्येक खेपेतले थोडे मागे ठेवून मी ते जगवत आले. त्याला वरचेवर मधपाणी आणि काळ्या तांदळाची निवलेली पेज लागते. मी गेल्यावर या मृत्युपत्राचे पाकीट फुटेपर्यंत ते उपाशी मरेल. म्हणून ते आजच न्यायला भाचीला बोलावले.

तिला सुटी मिळाली नाही. तिने बापाला पाठवले. कोंड्यासकट काळ्या तांदळाची पिशवी घेऊन तो आत्ता समोर बसला आहे. खमिराची बरणी त्याच्या मांडीवर आहे.

"ताई, याला खायला किती घालायचं?" त्याने विचारले. मला रडू आले. मग सांगितले.

कलम ३ मधले शेवटचे वाक्य मी खोडते. वरची एक खोली त्याच्या नावे लिहायला घेतली, पण साक्षीदार दोन लागतात आणि शेजारच्या शिंपीणबाईंखेरीज कोणी मिळेना. फोनवर वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. भावाने पेन मागितले.

"लिहू नकोस खोली. मला मिळालंय," तो म्हणाला.

लिहून देणार: मद्यवाली (सही)

साक्षीदार:
शिंपीणबाई, वासाची तक्रार तूर्त मागे घेऊन (सही)
धाकटा भाऊ (सही, डाव्या हाताने, उजव्यात बरणी)

ठिकाण: मद्यशाळा, चुलीजवळ
दिनांक: भाऊ आला तो दिवस. पेज निवत ठेवली आहे.