शवासनातला पहारा

मारा नदीकाठ, केनिया
१२ जून २००४

ती. प्रेमाताईस सर्वेशचा शि. सा. न. वि. वि.

जंगलातल्या या लॉजवर मी स्वयंपाकी म्हणून आलो, पण गेल्या महिन्यापासून सकाळी योग शिकवतो. आधीची बाई काम सोडून गेली आणि भारतीय माणसाला योग येतच असणार, असं मालकिणीने गृहीत धरलं. शाळेत शिकलेली सहा आसनं पुरवून पुरवून वापरतो. हसू नकोस.

पाहुण्यांना सगळ्यात प्रिय शवासन. एवढ्या लांब विमानाने येतात, नदीकाठी आडवे होतात नि पाच मिनिटांत घोरू लागतात. मी तेवढा जागा, कारण नदीत पाणघोडे. परवा एका जागी पाण्याचा रंग बदलला, बारीक सुरकुती उमटली. मी सगळ्यांना उठवून मागे नेलं. थोड्या वेळाने तिथूनच एक धूड वर आलं. हे कुठे शिकलास, असं मालकिणीने विचारलं. मी नाश्त्याचं बघायला स्वयंपाकघरात गेलो.

बाबांना यातलं सांगू नकोस. पंधराव्या वर्षी रापणीच्या जाळ्यासाठी किनाऱ्यावर पाण्याचा रंग बघत पहाऱ्याला बसलो असताना माझा डोळा लागला, बांगड्याचा थवा समोरून निघून गेला, तेव्हापासून त्यांनी मला जाळ्याला हात लावू दिला नाही. आता लोकांना झोपवायचा पगार घेतो म्हटल्यावर काय म्हणतील! दोन वर्षांचा नवा करार आला आहे. ऑगस्टपर्यंत सही करायची आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर हरकत नाही.

तुझा,
सर्वेश


तळाशील
५ जुलै २००४

चि. सर्वेशला अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगू नकोस म्हणालास नि मी पत्र मोठ्याने वाचूनच दाखवलं. बाबांना आता अक्षर दिसत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण नजर फार सुधारणार नाही असं डॉक्टर म्हणतात. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. तीही मोडली. एकाच पत्रात दोघांचं गुपित फोडलं बघ.

झोपणाऱ्या पाहुण्यांवर बाबा खूप हसले. पाण्याची सुरकुती आली तिथे मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, वारो खंयचो होतो, ता तेणां लिवक नाय? जेवताना सांगत होते, यंदा तुमच्या जागी पहाऱ्याला कोण बसणार असं रापणीतली माणसं विचारतात, त्यांना काय उत्तर देऊ? एवढंच. तुला बोलाव म्हणाले नाहीत, ते म्हणणारही नाहीत. म्हणून मी म्हणते, तू ये.

प्रकृतीला जप, पाणघोड्यांशी सलगी नको. आमची आठवण ठेव.

तुझी ताई,
प्रेमलता


मारा नदीकाठ
२६ जुलै २००४

ती. ताईस सा. न.

पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग बाबांचा, मग माझाच. करारावर सही केली नाही. मालकीण नाराज आहे, पण निरोपाला केक करायचा म्हणते. तो मलाच करावा लागणार. नारळी पौर्णिमेच्या आधी घरी पोचतो.

बाबांना सांग, वारा पूर्वेचा होता, अगदी मंद. लिहायचं राहिलं, चुकलो. पहाऱ्याला मी बसेन, पण पहिले काही दिवस त्यांनी शेजारी बसायला हवं. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला तरी चालेल. मी जागा असेन.

भेटीपर्यंत माया असू दे.

तुझा,
सर्वेश