जुन्या बॉयलरबद्दल बोलले

मंगळवार, संध्याकाळ. समातलं घर.

मॅनेजर साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. आज कारखान्याच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "जुन्या बॉयलरवर इतका खर्च केलाय, आता टाकायचा कसा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "झालेला खर्च परत येत नाही, साहेब. पुढचं बघा." संध्याकाळच्या एम.ए.च्या वर्गात अर्थशास्त्राच्या बाईंनी हेच शिकवलं होतं.

त्यांचा चेहरा लाल झाला. "ठीक छे बेन, उद्या मालकांना, शेठना, तुम्हीच समजवा."

घरी ह्यांनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "नोकरी गेली तर?"

पदवी तर बढतीसाठी घ्यायची होती. पण त्या बॉयलरच्या वाफेनं ऑपरेटर रमणभाई भाजले, तेव्हा तो बदलायला हवा हे मला कळत होतं आणि मांडता येत नव्हतं. आता येतं. उद्या बोलणार.